ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते? कॅथलिक घरांचं वेळापत्रक ठरतं पौर्णिमेवर

ख्रिसमस २५ डिसेंबरला, गोव्यातलं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला. या तारखा हलत नाहीत. ईस्टर मात्र २०२४ मध्ये ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला आणि २०२६ मध्ये ५ एप्रिलला. असं का?

नियम काय?

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या काळातच येतो. २०२६ चं कॅलेंडर पाहा: २ एप्रिलला, गुरुवारी हनुमान जयंती, म्हणजे पौर्णिमा. पुढचा रविवार ५ एप्रिल.

पण दरवेळी हा ताळा जुळतोच असं नाही. २०१९ मध्ये पौर्णिमा २१ मार्चला होती, धुळवडही त्याच दिवशी. या हिशेबाने ईस्टर २४ मार्चला हवा होता. झाला २१ एप्रिलला! कारण चर्च आकाशातला चंद्र पाहत नाही, जुनी गणिती कोष्टकं वापरतं. कोष्टकात ती पौर्णिमा २० मार्चला पडली होती. एका दिवसाचा फरक, सण चार आठवडे पुढे.

याचा परिणाम कशावर?

ईस्टरच्या ४६ दिवस आधी येतो राखेचा बुधवार. मधले सहा रविवार वगळले की उपवासकाळाचे ४० दिवस उरतात. त्या दिवशी कपाळावर लावायची राख बहुतेक चर्चमध्ये मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन्ही दिवशी १८ ते ५९ वयाच्या निरोगी व्यक्तींना उपवास सांगितला आहे, मांसाहारही वर्ज्य. गोव्याचा कार्निव्हल याच्या आदल्या शनिवार ते मंगळवारी होतो, म्हणजे त्याचीही तारीख चंद्रावरच.

खरी धावपळ लग्नघरात. उपवासकाळात लग्नं शक्यतो टाळतात. २०२५ मध्ये हा काळ ५ मार्चला सुरू झाला होता. २०२७ मध्ये तो १० फेब्रुवारीलाच सुरू होईल. ख्रिसमसनंतरचा लग्नाचा हंगाम जवळपास साडेतीन आठवड्यांनी आखूड. हॉल बुक करण्याआधी ही तारीख पाहिलेली बरी.

सगळे ख्रिस्ती एकाच दिवशी साजरा करतात?

नाही. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन कॅलेंडरने हिशेब करतात. २०२५ मध्ये दोन्ही ईस्टर एकाच दिवशी आले, २०२६ मध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टर आठवडाभर उशिरा, १२ एप्रिलला.