जुनी जीप, लांबचा रस्ता

मागच्या वेळी आपण कोंबड्यांच्या लसीबद्दल बोललो, आज गाडीबद्दल बोलू. हसू नका. आमच्या बचत गटाने यंदा मे महिन्यात जुनी जीप घेतली आणि आम्ही ती नागपूरहून अकोले तालुक्यात चालवत आणली. ‘कशी घेतली, कशी आणली’ असं बऱ्याच गटांनी विचारलं, म्हणून हे सविस्तर सांगतो.

जीपच का, हे आधी. आमच्या वाडीचा शेवटचा तुकडा पावसाळ्यात चिखल होतो. रुग्णवाहिका खालच्या फाट्यावर थांबते आणि बाळंतपणाच्या बाईला डोलीतून फाट्यापर्यंत न्यावं लागतं. साधी गाडी त्या चढावर जागच्या जागी चाक फिरवत बसते. म्हणून चारही चाकांना जोर लागणारी गाडी हवी होती. नवी परवडत नव्हती. आमच्या एका सखीच्या नणंदेच्या ओळखीने नागपूरला एक जुनी मिळाली.

गाडी बघायला गेलो तेव्हा रंगाकडे बघायचं नाही, असं ठरवूनच गेलो होतो. चिखलात चाललेल्या गाडीचा खरा हाल पोटाखाली दिसतो. आमच्यातली एक सरळ चटई टाकून खाली झोपली, विकणारे भाऊ बघतच राहिले. सांगाडा गंजलाय का, कुठे वेल्डिंग मारलंय का, गिअरच्या पेटीखाली तेलाचे डाग आहेत का, हे तिने बॅटरी मारून पाहिलं. अशा गाडीत गिअरपेटीशेजारी आणखी एक पेटी असते, तीच पुढच्या चाकांना जोर देते. तिचं तेल वेगळं बदलावं लागतं आणि पुष्कळ मालक ते विसरतात. आम्ही मेकॅनिककडून दोन्ही पेट्यांचं तेल नवं भरून घेतलं.

मग टायर. यावरून आमच्यात खरं भांडण झालं. टायरच्या नक्ष्या चांगल्या खोल होत्या, नख बुडत होतं. खजिनदारताई म्हणाल्या, ‘हे तर नवेच आहेत.’ पण टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, ते टायरचं जन्मसाल. आमच्या टायरवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली तर नक्षी झिजत नाही, पण रबर वाळतं. सायकलची जुनी ट्यूब कशी कडक होऊन तडकते, तसंच. कडेला बारीक भेगा होत्याच. चार टायरचे अठ्ठावीस हजार झाले. गटाच्या शिलकीतून एवढे एकदम काढायचे म्हणजे दोघींचं खत-बियाण्याचं कर्ज पंधरा दिवस पुढे ढकलावं लागलं. त्या दोघी रागावल्या, आणि त्यांचा राग चुकीचा नव्हता. तरी आम्ही टायर बदलले.

कागदाचं मात्र ऐका नीट, कारण इथे बायकांना हमखास फसवतात. किल्ली हातात आली म्हणजे गाडी आपली झाली, असं नाही. नोंदणी पुस्तकावर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. अपघात झाला तर भरपाईसाठी त्यालाच धरतात. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं. गाडीवर कर्ज होतं का तेही पुस्तकातच लिहिलेलं असतं. असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मागा, नुसत्या तोंडी शब्दावर जाऊ नका. विम्यासाठीसुद्धा १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. विमा जुन्या नावावरच राहिला तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळताना अडचण येते.

आमचा गट काही नोंदणी झालेली संस्था नाही, म्हणून गाडी एकीच्या नावावर करावी लागली. इतिवृत्तात ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, स्टॅम्प पेपरही केला. जिच्या नावावर गाडी आहे तिच्या घरी चार दिवस धुसफूस झाली, ‘उद्या काही झालं तर आमच्याच गळ्यात’ म्हणून. त्यांचंही खरंच होतं. म्हणून विम्याचा हप्ता पहिल्यांदा भरायचा, बाकी सगळं नंतर, असा दुसरा ठराव केला. आणखी एक, पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. आपल्याच बाईला दवाखान्यात नेणं वेगळं, बाजाराच्या दिवशी दहा-दहा रुपये घेऊन सीट भरणं वेगळं.

आता रस्ता. समृद्धी महामार्गाने आलो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा तुकडा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पुढे मुंबईकडचा सगळा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. सोपा वाटतो म्हणूनच तो अवघड आहे. खड्डा नाही, फाटा नाही, बैलगाडी नाही. सरळ रस्त्यावर डोळे उघडे असतात, पण मन झोपतं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली. आम्ही ठरवलं, रात्री चालवायचं नाही.

पहाटे पाचला निघालो. विदर्भातलं मे महिन्याचं ऊन, डांबर-काँक्रीट तापण्याआधी जमेल तेवढं अंतर काढायचं होतं. टायरमधली हवा निघण्याआधी, टायर गार असतानाच मोजली. तापल्यावर ती जास्त दाखवते. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. पंपावरच्या पोराला विचारू नका, तो सगळ्यांना एकच आकडा सांगतो.

गाडीच्या मागे आडवी बाकं होती, समोरासमोर बसायची. त्यांना पट्टे नव्हते. आम्ही सहा जणी गेलो होतो. पट्टे चौघींनाच. ‘काय होतंय, पाय आखडून बसू’ असं दोघी म्हणाल्या, पण मागे सामान ठेवलं आणि त्या दोघींना एसटीने पाठवलं. त्यातली एक खजिनदारताई होत्या. टायरचा राग होताच, त्यात हे. शिर्डीपर्यंत त्यांनी आमचा फोन उचलला नाही.

या रस्त्यावर लहान गाडीला १२० पर्यंत परवानगी आहे. आम्ही ऐंशीवर काटा धरला. जीप उंच असते, वजन वर असतं. वेगात घाबरून स्टिअरिंग झटकलं की ती डोक्यावर भरलेल्या हंड्यासारखी कलते. डाव्या बाजूने चाललो. दर दोन तासांनी चालवणारी बदलली. लायसनवाल्या दोघीच होत्या. शेजारच्या सीटवर झोपायचं नाही, हा नियम. कारंज्याच्या पुढे सूनबाईंना जांभया यायला लागल्या, तेव्हा पुढच्या पंपावर अर्धा तास खरंच झोपायला लावलं. चहाने झोप जात नाही, फक्त लपते. टायर फुटलाच तर काय, हे आम्ही आधीच एकमेकींना पाठ म्हणून दाखवलं होतं: ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, पायाखालचं ॲक्सिलरेटर सोडायचं, गाडी आपोआप मंदावू द्यायची. सुदैवाने वेळ आली नाही.

फजिती झाली ती वेगळीच. निघायच्या आदल्या दिवशी चिखलात चाचणी घेताना चार चाकांचा दांडा लावला होता आणि काढायचा राहिला. पंपाशी वळण घेताना गाडी अडखळायला लागली, खालून कटकट आवाज. आम्हाला वाटलं, गेले पैसे पाण्यात.

हे समजून घ्या. खळ्यावर पात हाकताना तिवड्याजवळचा बैल कमी चालतो, कडेचा जास्त. वळणावर चाकांचंही तसंच, पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबची वाट कापतात. चार चाकांचा दांडा लावला की पुढची-मागची जोडी एकाच वेगाला बांधली जाते. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब जुळतो. कोरड्या रस्त्यावर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण गिअरवर येतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर दोन चाकं, चिखलात चार. अगदी खडा चढ किंवा रुतलेली गाडी असेल तरच गाडी थांबवून हळू चालीचा, फोर-एलचा दांडा. आम्ही थांबून दांडा काढला, थोडं मागे-पुढे केलं, तेव्हा आवाज गेला. त्यानंतर दर वेळी निघण्याआधी शेजारचीने दांड्याला हात लावून ‘दोन’ असं मोठ्याने म्हणायचं, असं ठरलं.

शिर्डीला महामार्ग सोडला. टोल उतरतानाच कापला जातो. आपला नवा फास्टॅग आधीच लावला होता, नाहीतर पैसे जुन्या मालकाच्या खात्यातून गेले असते. एसटीवाल्या दोघी तिथेच भेटल्या. पुढचा रस्ता साधा, वेग कमी, म्हणून एकीला पुढे घेतलं आणि दुसरीला संगमनेरहून पुन्हा एसटी. चढाच्या रस्त्याला उतारावर न्यूट्रल करायचं नाही, ज्या गिअरमध्ये चढू त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे आमच्या सूनबाईंना माहेरीच शिकवलेलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. रात्री अकराला वरच्या वाडीतून फोन आला. दांडा चारवर टाकून गाडी त्या चढावर गेली आणि बाई डोलीशिवाय फाट्यावर आली, पुढे १०८ ची गाडी उभी होती. त्या रात्री शेजारच्या सीटवर खजिनदारताई बसल्या होत्या. डांबर लागलं तसं त्यांनीच दांड्याला हात लावला आणि म्हणाल्या, ‘दोन.’