आकाशवाणीला जमीन हवी

धारवाडच्या आकाशवाणी केंद्राने ८ जानेवारी २०२५ रोजी पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली. शेजारच्या राज्यातील, शेजारच्या भाषेतील एका केंद्राच्या अमृतमहोत्सवाची दखल गोमंतकातील मराठी दैनिकाने कशासाठी घ्यावी, असे एखादा वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु धारवाड केंद्राची कहाणी धारवाडपुरती नाही. प्रादेशिक नभोवाणी म्हणजे काय, ती कशावर उभी राहते आणि कशामुळे खचते, हे ज्यांना समजून घ्यावयाचे असेल त्यांना इतका जवळचा आणि इतका बोलका दाखला दुसरा सापडणार नाही. पणजी, पुणे, सांगली, रत्नागिरी या केंद्रांचे भवितव्यही त्याच प्रश्नाशी बांधलेले आहे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारताच्या वाट्याला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ अशी अवघी सहा नभोवाणी केंद्रे आली होती. एवढ्या मोठ्या देशाचा आवाज सहा ठिकाणांहून निघणार नाही हे ओळखून सरदार पटेलांच्या काळात नव्या केंद्रांची योजना आखली गेली. त्या योजनेचा पाठपुरावा ज्यांच्या हाती आला ते माहिती व नभोवाणी खात्याचे राज्यमंत्री रंगनाथ रामचंद्र दिवाकर हे धारवाडचेच. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेला आणि कन्नड पत्रकारितेत झिजलेला हा माणूस होता. त्यांच्याच कारकिर्दीत १९५० च्या जानेवारीत धारवाडचे केंद्र बोलू लागले. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचनेला अजून पावणेसात वर्षे अवकाश होता. म्हणजे कर्नाटक राज्य एक होण्यापूर्वीच उत्तर कर्नाटकाला स्वतःचा आवाज मिळाला होता.

हा मुहूर्त आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरला. जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सांगली, मिरज अशा लहानमोठ्या संस्थानांनी हा सारा प्रदेश व्यापलेला होता. १९४८ साली ती मुंबई प्रांतात विलीन झाली. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्या दरबारांच्या आणि वाड्यांच्या आश्रयावर जगणाऱ्या गवयाचे काय? सवाई गंधर्वांचे कुंदगोळ हे गाव जमखंडी संस्थानातलेच. राजाश्रय संपला आणि लोकाश्रय अजून उभा राहिला नव्हता, अशा नेमक्या वेळी धारवाडला ध्वनिमुद्रणाची खोली उघडली. गवयाला पाळीचे गाणे मिळाले, ठरलेले मानधन मिळाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याचे गाणे वाड्याच्या दिवाणखान्यातून निघून चावडीवरच्या रेडिओपर्यंत पोचले. ज्यांना मैफलीचे बिछायतीवरचे आमंत्रण सात जन्मांत आले नसते, त्यांच्या कानांवर ख्याल पडू लागला. हुबळीच्या गंगूबाई हनगल आणि धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू यांचे स्वर त्या मुलखात घरोघर ओळखीचे झाले, त्यात या केंद्राचा वाटा थोडा नाही.

केंद्र चालवावयाचे तर यंत्रे लागतात, हे कोणीही सांगेल. धारवाडने दुसरी गोष्ट ओळखली: केंद्रात त्या भूमीची माणसे लागतात. सोलापूरच्या महाविद्यालयातून निवृत्त होऊन आलेले कविवर्य द. रा. बेंद्रे १९५६ साली या केंद्राचे सल्लागार झाले. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी संगीत-सल्लागार म्हणून काम पाहिले. ज्ञानपीठाचा मान पुढे ज्याला मिळाला तो कवी आणि जयपूर-अत्रौली गायकीचा एवढा मोठा गवई एका सरकारी कचेरीशी बांधलेले असावेत, ही गोष्ट आज कोणा अधिकाऱ्याला नियमबाह्य वाटेल. त्या काळी ते धोरण होते. पुणे केंद्रात त्याच सुमारास पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर आले. सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे छप्पन्न गीतांचे ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर प्रसारित झाले. आपले बा. भ. बोरकर १९७० पर्यंत पुणे आणि पणजी केंद्रांत होते. ‘गीतरामायण’ दिल्लीहून आलेल्या परिपत्रकातून निघाले नाही. प्रादेशिक केंद्रात कवी होता, संगीतकार होता आणि दोघांवर विश्वास टाकणारा अधिकारी होता, म्हणून ते निघाले.

धारवाडची भूमी तरी कशी? बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलली जाई आणि त्यांची कविता कन्नडात फुलली. त्यांनी मराठीतही लिहिले. शं. बा. जोशींसारख्या कन्नड संशोधकाची घरची भाषाही मराठीच. उलट मराठी कथेचे एक शिखर, जी. ए. कुलकर्णी, धारवाडच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवीत राहिले. मन्सूरांनी गाणे घेतले ते मंजीखाँ आणि बुर्जीखाँ यांच्याकडून, म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांच्या पुत्रांकडून. आणि त्याच अल्लादियाखाँच्या शिष्या म्हणजे आमच्या केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई. सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर एकच गायकी वाढली. भाषेच्या नावाने भिंती बांधणाऱ्यांनी हा नकाशा एकदा डोळ्यांखालून घालावा.

ध्वनिलहरींना तर भिंती ठाऊकच नाहीत. धारवाडचे ७६५ किलोहर्ट्झवरचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण दोनशे किलोवॉट क्षमतेचे. मध्यम लहरी जमिनीच्या कडेकडेने शेकडो किलोमीटर जातात आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून त्याहूनही दूर पोचतात. एफ. एम. लहरी स्वच्छ ऐकू येतात खऱ्या, पण त्यांची धाव मनोऱ्याच्या नजरेच्या टप्प्याएवढीच. डोंगर आडवा आला की संपली. घाटमाथ्यावरच्या वस्तीला आणि दरीतल्या वाडीला हा फरक तज्ज्ञाने समजावून सांगावा लागत नाही.

या लहरींचे सामर्थ्य गोमंतकीयांइतके कोणाला ठाऊक असणार? सालाझारशाहीचा अधिकृत आवाज जेव्हा पणजीहून ‘एमिसोरा द गोवा’च्या रूपाने घुमत होता, तेव्हा २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ सुरू केला. प्रथम आंबोलीच्या रानातून, नंतर कॅसलरॉकच्या परिसरातून, कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत तो आवाज थांबला नाही. लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली. दोन माणसे, एक प्रक्षेपक आणि ऐकणाऱ्यांची स्वतःची भाषा एवढ्या भांडवलावर एका साम्राज्याच्या प्रचारयंत्रणेला उत्तर देता आले. मनोरा मोठा असून आवाज परका असला तर तो कानांवरून जातो. मनोरा लहान असून आवाज आपला असला तर तो काळजात उतरतो.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे आजची चिंता समजेल. १९९० चा कायदा आणि १९९७ सालची प्रसार भारतीची स्थापना यांमुळे नभोवाणी सरकारच्या मुठीतून सुटून जनतेची होईल, अशी आशा होती. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले होते. प्रत्यक्षात काय घडले? डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय वाहिनी आणि पाच ठिकाणच्या प्रादेशिक प्रशिक्षण संस्था बंद करण्याचा आदेश निघाला. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलविण्याचा निर्णय झाला. पुणेकरांनी आवाज उठविला म्हणून मंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. कारण नेहमीचेच: माणसे नाहीत. निवृत्त झालेल्याची खुर्ची भरावयाची नाही आणि मग खुर्ची रिकामी आहे म्हणून खोलीला कुलूप लावावयाचे, असा हा न्याय आहे. निवेदनाचा भार वाहतात ते नैमित्तिक उद्घोषक. त्यांना महिन्याकाठी साधारण सहा पाळ्या, बाकी दिवस ज्याचे त्याने पाहावे. अशा माणसाकडून बेंद्र्यांच्या परंपरेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

पैसा नाही, असेही म्हणता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसार भारतीच्या आधुनिकीकरणासाठी २,५३९ कोटी ६१ लाख रुपयांची योजना मंजूर केली. एफ. एम. प्रक्षेपण ८० टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत नेण्याचा संकल्प त्यात होता. संकल्प उत्तम आहे. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण त्या मनोऱ्यांवरून बोलणार कोण आणि काय? दूरदर्शनचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. १९८१ च्या १ नोव्हेंबरला बंगळूरचे केंद्र सुरू झाले आणि कन्नड दूरदर्शनची राजधानी तीच राहिली. हुबळी-धारवाडची जवारी बोली, तिथली शेती, तिथली नाट्यमंडळी यांना चारशे किलोमीटरवरच्या स्टुडिओची पायरी चढावी लागते. गोव्याला मार्च २०१९ मध्ये डीडी फ्री डिशवर स्वतंत्र वाहिनी मिळाली. वाहिनी मिळणे ही एक गोष्ट आणि ती आपल्या माणसांनी भरणे ही दुसरी.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आता रेडिओ ऐकतो कोण? हातातल्या फोनवर साऱ्या जगाचे संगीत आहे. प्रसार भारतीचे स्वतःचे ‘वेव्हज’ हे व्यासपीठही नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच पणजीत, चित्रपट महोत्सवात सुरू झाले. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ऐकण्याची सवय बदलली हे खरेच. परंतु फोन ही नवी पेटी आहे, पेटीत घालावयाचा ऐवज नव्हे. कुंदगोळच्या बाजूला या आठवड्यात मिरचीवर कोणता रोग पडला, कलघटगीच्या रस्त्यावर पूल कोठे खचला, गावातली म्हातारी कोणते सोबान पद म्हणते, हे जगातील कोणतीही खासगी कंपनी जमवून आणणार नाही. त्यात नफा नाही. जेथे नफा नाही पण गरज आहे, तेथेच सार्वजनिक संस्थेचे कर्तव्य सुरू होते. धारवाडसारख्या केंद्रांतून आज नव्या पेटीत घालण्याजोगे जे काही निघते, ते कालच्या माणसांनी मुद्रित करून ठेवले म्हणूनच. आज कोणी मुद्रित केलेच नाही, तर उद्याच्या पेटीत काय राहील?

आणि एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. म्हादईच्या पाण्यावरून गोवा आणि हुबळी-धारवाड गेली कित्येक वर्षे समोरासमोर उभे आहेत. ऑगस्ट २०१८ च्या लवादाच्या निवाड्याने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले. गोव्याने त्यास आव्हान दिले. गोव्याची बाजू आम्ही या स्तंभातून सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. परंतु नवलगुंदच्या शेतकऱ्याचे विहिरीत डोकावणे आपल्या सत्तरीतल्या शेतकऱ्याने ऐकले आहे काय? खाऱ्या पाण्याने गिळलेली आपली खाजने धारवाडच्या श्रोत्याला कोणी समजावून सांगितली आहेत काय? खासगी वाहिन्यांना दोन्हीकडच्या आरोळ्या पुरतात. दोन शेजाऱ्यांना एकमेकांचे म्हणणे शांतपणे ऐकविणे हे काम पणजी आणि धारवाड ही दोन केंद्रेच करू शकतात. पण दोन्हीकडे स्वतःचे निर्माते असले तरच. दिल्लीचा कार्यक्रम दोघांनी सहक्षेपित केल्याने ते होणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. प्रादेशिक केंद्रांतील कार्यक्रम-निर्मात्यांच्या आणि वृत्तविभागाच्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. नैमित्तिक उद्घोषकांना माणसासारखे जगता येईल अशी व्यवस्था व्हावी. केंद्राकेंद्रांतील जुन्या फिती जतन करून त्या प्रथम त्या त्या प्रदेशाला ऐकवाव्यात. लेखक, गायक, शेतीतज्ज्ञ यांना सल्लागार म्हणून घेण्याची पन्नासच्या दशकातील पद्धत पुन्हा आणावी. आणि शेजारच्या राज्यांतील केंद्रांनी अनुवादासह कार्यक्रमांची देवाणघेवाण नियमित करावी.

‘आकाशवाणी’ हे नाव म्हैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या घरी सुरू केलेल्या लहानशा केंद्राशी जोडलेले आहे. पुढे ते साऱ्या देशाने स्वीकारले. २०२३ साली प्रसार भारतीने ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव टाकून हेच एक नाव सर्वत्र वापरण्याचे ठरविले. नावाचा आम्हांला आनंदच आहे. परंतु देशाला हे नाव एका प्रादेशिक घरातून मिळाले, याचा विसर पडू नये. वाणी आकाशातून जात असली तरी ती उगवते जमिनीतून. जमीनच काढून घेतली तर वर नुसते आकाश उरेल, आणि ते मुके असेल.