साहेबांचा फोन

ऑगस्ट 2024 मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचं नाव भामट्यांनी दोन तऱ्हांनी वापरलं. एका संदेशात ‘सरन्यायाधीश’ दिल्लीत कनॉट प्लेसला अडकले होते आणि टॅक्सीसाठी पाचशे रुपये मागत होते. दुसरीकडे त्यांच्याच नावाने व्हिडिओ कॉलवर बनावट सुनावणी झाली आणि लुधियानाचे उद्योगपती एस. पी. ओसवाल यांचे सात कोटी रुपये गेले. पहिला सापळा मदतीला धावणाऱ्यासाठी होता, दुसरा कायद्याला मानणाऱ्यासाठी. दोन्ही गुण आपण मुलांना हौसेने शिकवतो.

म्हणूनच ‘एवढा शिकलेला माणूस फसलाच कसा?’ हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. येल विद्यापीठात 1961 साली स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी साध्यासुध्या माणसांना पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. पहिल्या प्रयोगात 40 पैकी 26 जण शेवटच्या, 450 व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. कित्येकांना घाम फुटला होता, हात थरथरत होते. तरी समोरचा अधिकारी ‘चालू ठेवा’ म्हणत राहिला आणि त्यांना नाही म्हणता आलं नाही.

‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरची ही बनावट अटक, याच दुखऱ्या जागी बोट ठेवते. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पण पडद्यावर वर्दी दिसते, तुमच्या नावाचं ‘वॉरंट’ येतं, आणि मग खरा घाव: कॅमेऱ्यासमोरून उठू नका, घरात कुणाला सांगू नका. स्वयंपाकघरातून सून नुसती ‘मामंजी, कुणाचा फोन?’ म्हणत आली असती, तरी डाव फिसकटला असता.

आमच्या सोलापुरात तर अनेकांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड, बाजारात मराठी, आणि असा फोन मात्र बहुधा साहेबी हिंदीत. ज्या भाषेत आपल्याला भांडता येत नाही, त्या भाषेत उलट प्रश्न विचारायचं धाडस कुठून येणार? विडी वळणाऱ्या बाईला ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीची खोटी लिंक गाठते, कारण पंधराशे रुपये थांबतील ही तिची धास्ती खरी असते. लग्नसराईत पत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडली जाते ती निव्वळ आपुलकीपोटी.

फसल्यावर लाज आड येते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा तीच बुडवते. लुटलेली रक्कम भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरते. ती वाटेत गोठवायची तर 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन जायला हवा. हा आकडा सोलापूरकराला पाठ करावा लागू नये. कारण 1930 सालीच मे महिन्यात या गावाने इंग्रज सत्तेला आव्हान दिलं आणि मार्शल लॉ सोसला. घरातलं कुणी रडवेल्या चेहऱ्याने समोर आलं, तर ‘का केलंस?’ नंतर विचारा. आधी व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या आणि फोन लावा.