क्ष-किरणांच्या खोलीत

पावसाळ्याच्या आरंभीची गोष्ट आहे. शाळा सुरू होऊन आठच दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत सातवीतील एक मुलगा शाळेमागील जांभळाच्या झाडावर चढला. जांभळाचे लाकूड ठिसूळ. भक्कम दिसणारी फांदी कडकन मोडली आणि तिच्याबरोबर मुलगाही खाली आला. त्याचा डावा हात मनगटाच्या वर पाहता पाहता सुजला. वडील परगावी गेलेले आणि आई शेतावर. तिला निरोप धाडून मी मुलाला रिक्षात घातले व तालुक्याच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी हात हळूच चाचपून पाहिला, चिठ्ठीवर चार शब्द लिहिले आणि आम्हांला क्ष-किरणांच्या खोलीकडे पाठविले.

तेथील तंत्रज्ञ एक तरुण बाई होत्या. त्यांनी चिठ्ठी हाती घेतली; पण लगेच यंत्राकडे वळल्या नाहीत. मुलासमोर वाकून त्यांनी विचारले, "बाळ, तुझे पूर्ण नाव काय? वय किती?" मी उत्तर देऊ लागताच त्या हसून म्हणाल्या, "गुरुजी, त्यालाच सांगू द्या." मग त्यांनी विचारले, "कोणता हात दुखतो? बोटाने दाखव पाहू." मुलाने डावा हात दाखविला. बाईंनी पुन्हा एकदा चिठ्ठी वाचली आणि त्या थांबल्या. चिठ्ठीवर 'उजवा हात' असे लिहिलेले होते.

मी अधीर झालो होतो. म्हणालो, "बाई, हात सुजलेला डोळ्यांना दिसतो आहे. मुलगा कळवळतो आहे. उगाच वेळ कशाला दवडायचा?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, सूज मलाही दिसते. पण उजव्या हातालाही मार बसल्याची शंका येऊन डॉक्टरांनी मुद्दाम तसे लिहिले असेल तर? विचारून येते."

दोन मिनिटांत त्या परत आल्या. चिठ्ठीवर दुरुस्ती होती व तिच्याखाली डॉक्टरांची सही होती. गर्दीच्या वेळी लेखणीकडून उजव्याचे डावे व्हावे, तसे डाव्याचे उजवे झाले होते, इतकेच! त्या वेळी माझ्या नोकरीला तीस वर्षे होत आली होती. 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. त्या दिवशी माझाच धडा मला दुसऱ्या कोणी शिकविला.

मुलांनो, क्ष-किरणांनी शरीराच्या आतील चित्र मिळते, हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु ते चित्र घेणाऱ्या माणसाचे काम केवळ कळ दाबण्याचे असते, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. ते काम कोणते, हे समजण्यासाठी आधी या किरणांची थोडी ओळख करून घेऊ.

1895 सालच्या 8 नोव्हेंबर रोजी जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन हे शास्त्रज्ञ आपल्या प्रयोगशाळेत काम करीत होते. काळ्या कागदाने झाकलेल्या नळीतून काही अदृश्य किरण बाहेर पडत असून दूर ठेवलेला रासायनिक पडदा त्यांमुळे चमकत आहे, असे त्यांना आढळले. हे किरण कसले, ते कोणासच ठाऊक नव्हते. बीजगणितात अज्ञात संख्येला इंग्रजीत 'एक्स' म्हणतात, म्हणून त्यांनी या किरणांना 'एक्स-किरण' असे नाव दिले. आपण मराठीत अज्ञात संख्येला 'क्ष' म्हणतो. म्हणून आपल्याकडे ते 'क्ष-किरण' झाले. त्याच वर्षी 22 डिसेंबरला राँटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे स्पष्ट उमटली आणि बोटातील अंगठीही दिसली. या शोधाबद्दल 1901 साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले.

क्ष-किरणांचे चित्र म्हणजे वस्तुतः एक छाया होय. मांसातून व त्वचेतून हे किरण बरेचसे पार जातात. हाडांतील कॅल्शियम मात्र त्यांना पुष्कळ अडविते. म्हणून पलीकडील पाटीवर हाडाची छाया उमटते. पूर्वी तेथे फिल्म असे आणि ती धुऊन पाहावी लागे. आता बहुतेक ठिकाणी प्रतिमा काही क्षणांत संगणकाच्या पडद्यावर दिसते.

परंतु या उपकारक किरणांची एक दुसरी बाजू आहे. ते शरीरातून जाताना पेशींना इजा करू शकतात. आरंभीच्या काळात हे कोणाला कळले नव्हते. अमेरिकेतील संशोधक एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हे या किरणांवरील प्रयोगांत आपलाच हात वारंवार किरणांपुढे धरीत असत. त्यांच्या हातांना असाध्य व्रण झाले, हात कापावे लागले, आणि 1904 साली त्यांचा मृत्यू झाला. अशा रीतीने या कामात प्राण गमावलेल्या डॉक्टरांचे, शास्त्रज्ञांचे, तंत्रसाहाय्यकांचे व परिचारिकांचे स्मारक 1936 साली जर्मनीतील हँबुर्ग शहरात उभारण्यात आले. आज क्ष-किरणांच्या खोलीत जे नियम पाळले जातात, ते या लोकांनी आपल्या देहाची किंमत देऊन जगाला शिकविले आहेत.

याचा अर्थ क्ष-किरणांना भ्यावे असा नाही. माती, खडक, हवा आणि आकाश यांच्याकडून सर्वांनाच अशा प्रकारचे किरण थोडेफार मिळत असतात. जगाच्या सरासरीने ही नैसर्गिक मात्रा माणशी वर्षाला सुमारे 2.4 मिलिसीव्हर्ट असते. छातीच्या एका साध्या चित्रासाठी सुमारे 0.1 मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा पुरते. म्हणजे निसर्ग आपल्याला साधारण पंधरा दिवसांत जितकी देतो, तितकीच. सी. टी. स्कॅन या तपासणीत मात्र ती याच्या कितीतरी पट असते. म्हणून नियम असा, की तपासणी आवश्यक असेल तर ती टाळू नये, आणि आवश्यकतेहून एक कणभरही अधिक किरण देऊ नयेत. हा नियम पाळणे, हे तंत्रज्ञाच्या कर्तव्यांचे मूळ आहे.

आता त्या बाईंनी नाव का विचारले, ते ध्यानात येईल. चुकीच्या माणसाचे किंवा चुकीच्या अवयवाचे चित्र घेतले, तर एका देहातून विनाकारण किरण जातात आणि दुसऱ्याचा आजार दडून राहतो. त्यातही 'तुझे नाव अमुक ना?' असे विचारायचे नसते. दुखण्याने किंवा भीतीने गोंधळलेला माणूस कशालाही 'हो' म्हणतो. म्हणून नाव रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यावयाचे. चित्रावर उजवी बाजू कोणती व डावी कोणती, याची खूणही प्रत्येक वेळी उमटवावी लागते. कारण नुसत्या छायेवरून ते ओळखताना घोटाळा होऊ शकतो.

दुसरे कर्तव्य रुग्णाची तयारी करण्याचे. राँटगेन यांच्या पत्नीची अंगठी तुम्ही विसरला नसालच. साखळी, ताईत, मंगळसूत्र, धातूची बटणे या सर्वांची छाया पडते आणि तिच्याखाली रोगाची खूण झाकली जाऊ शकते. इतकेच काय, खांद्यावर रुळणारी जाड वेणीसुद्धा फुप्फुसाच्या टोकावर छाया टाकते. म्हणून छातीचे चित्र घेताना ती डोक्यावर बांधावयास सांगतात. पण मंगळसूत्र किंवा ताईत ही केवळ धातूची वस्तू नसते. तिच्यात माणसाचा जीव गुंतलेला असतो. ती का काढावयाची हे समजावून सांगणे, ती सुरक्षित ठेवणे, कपडे बदलण्यास आडोसा देणे आणि जेवढा भाग पाहावयाचा तेवढाच उघडा ठेवणे, ही सर्व तंत्रज्ञाची जबाबदारी आहे. स्त्री रुग्ण गर्भवती असण्याचा संभव आहे काय, हेही सौम्य शब्दांत विचारावे लागते; कारण वाढत्या गर्भाला किरणांपासून विशेष जपावे लागते.

तिसरे कर्तव्य अवयव योग्य स्थितीत ठेवण्याचे. आमच्या मुलाचा हात त्या बाईंनी कोपर व मनगट असा दोन्हीकडे आधार देऊन उचलला. दुखऱ्या जागी बोटही लावले नाही. प्रत्येक हालचालीपूर्वी त्या सांगत, "आता हात थोडा फिरवणार आहे. दुखले तर लगेच सांग." हाताची चित्रे त्यांनी दोन घेतली, एक समोरून व एक बाजूने. याला कारण आहे. भिंतीला गेलेला तडा समोरून न दिसता बाजूने दिसावा, तशी हाडाची भेगही एका दिशेने पाहिल्यास लपून राहते. रुग्ण हलला तर चित्र अस्पष्ट होते, ते पुन्हा घ्यावे लागते आणि किरणही पुन्हा द्यावे लागतात. म्हणून मुलाला धीर देणे ही केवळ सौजन्याची गोष्ट नव्हे. धीर आलेले मूल स्थिर राहते, आणि स्थिर राहिलेल्या मुलाला कमी किरण मिळतात.

किरण सोडण्यापूर्वी त्यांनी मला बाहेर थांबावयास सांगितले. दारावर तांबडा दिवा लागला. अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून तंत्रज्ञही दूर, संरक्षक आडोशामागे उभा राहतो. अगदी लहान मूल असेल आणि त्याला धरणे भागच पडले, तर धरणाऱ्याला शिशाचा ॲप्रन घालावयास देतात. बाईंच्या छातीवर एक लहानसा बिल्ला होता. त्यांना स्वतःला किती किरण लागले, याची नोंद त्या बिल्ल्यावरून ठेवली जाते. आपल्या देशात या सर्व गोष्टींचे नियम 1983 साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. त्याचे कार्यालय मुंबईत आहे.

चौथे कर्तव्य सतत लक्ष ठेवण्याचे. अशक्त वृद्ध माणूस उभा राहिला असता भोवळ येऊन पडू शकतो. सी. टी. स्कॅनच्या वेळी कधी कधी शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. त्यापूर्वी असे औषध पूर्वी बाधले होते काय, मूत्रपिंडाचा विकार आहे काय, हे विचारावे लागते. औषध दिल्यावर अंगाला खाज सुटली किंवा श्वास जड झाला, तर तत्काळ डॉक्टरांना बोलवावे लागते. एम. आर. आय. या तपासणीत क्ष-किरण नसतात. तेथे एक प्रचंड चुंबक असतो. 1.5 टेस्ला शक्तीच्या अशा चुंबकाचे बल पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते, आणि तपासणी चालू नसली तरी तो जागाच असतो. खोलीत लोखंडी वस्तू नेली, तर ती बाणासारखी ओढली जाऊन माणसाचा घात होऊ शकतो. म्हणून दाराशीच प्रत्येकाची कसून चौकशी होते. तिचा राग मानू नये.

शेवटचे कर्तव्य सर्वांत अवघड आहे. ते म्हणजे मौन. चित्र पडद्यावर उमटताच मुलाने विचारले, "ताई, माझे हाड मोडले का?" बाईंना पडद्यावर काय दिसत होते ते मला ठाऊक नाही, पण त्या म्हणाल्या, "चित्रे छान आली आहेत. तू जराही हलला नाहीस, म्हणून. ती आता डॉक्टर पाहतील आणि तुला सर्व सांगतील." छायेचा अर्थ लावणे हे त्या विद्येतील डॉक्टरांचे काम आहे. अर्धवट बोललेला एक शब्द रुग्णाला खोटी आशा लावतो किंवा त्याची रात्रीची झोप उडवितो. त्याचप्रमाणे रुग्णाच्या शरीरात जे दिसले, ते त्याच्या शेजाऱ्याला किंवा गावाला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मुलाचे हाड मोडलेच होते. हाताला प्लास्टर घातले आणि यथाकाल हाड नीट जुळून आले. तो मुलगा पुढे शाळेच्या कबड्डीच्या संघात खेळला. मी त्या बाईंना पुन्हा कधी भेटलो नाही. माझ्यासारखा अधीर माणूस शेजारी उभा असता दोन मिनिटे थांबण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, एवढे मात्र मी विसरलो नाही.

तुम्हांलाही केव्हातरी त्या खोलीत जावे लागेल. तेव्हा आपले नाव स्पष्ट सांगा, दुखणारी जागा नेमकी दाखवा, 'श्वास रोखून धर' म्हटले की रोखून धरा आणि हलू नका. तुमच्या शरीराच्या आत पाहणारे यंत्र मोठे आहे खरे. पण ते तुम्हांला ओळखत नाही. तुम्हांला ओळखून, तुमचा हात सांभाळून धरणारा माणूस त्या यंत्रापाशी उभा असतो. निघताना त्याला नमस्कार करावयास विसरू नका.