मूल उशिरा बसते, उशिरा बोलते : कधी थांबावे, कधी दाखवावे?



मेळघाटातील गावांत आमचा फिरता दवाखाना जातो, तेव्हा ताप, खोकला किंवा जुलाब झालेल्या मुलांना आया लगेच घेऊन येतात. पण 'मूल वर्षाचे झाले तरी बसत नाही' असे सांगत आलेली आई मला क्वचितच भेटते. 'याचा बापही उशिराच चालला होता,' असे आजी सांगते आणि पुष्कळदा तिचे म्हणणे खरेही ठरते. प्रत्येक मुलाची गती वेगळी असते. मात्र वाट किती पाहायची, यालाही एक मर्यादा आहे. ती मर्यादा आपल्या सर्वांना ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

गावात फिरताना मी काही साध्या खुणा पाहते. बाळ साधारण २ महिन्यांत आईकडे पाहून हसू लागते, ४ महिन्यांच्या सुमारास मान धरते. ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसते. वर्षाचे झाले की हाक मारल्यावर वळते, बोट दाखवून किंवा हात पुढे करून मागते. दीड वर्षापर्यंत चालते आणि काही शब्द बोलते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते. यातील एखादी गोष्ट वेळेत दिसली नाही, तर मुलाला तपासून घ्यावे. येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले, म्हणजे बोलणारे बोलेनासे झाले किंवा चालणारे चालेनासे झाले, तर एक दिवसही थांबू नये. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल, तर पहिली दोन वर्षे त्याच्या वयातून ते दोन महिने वजा करून मोजावे.

उशीर झाला म्हणजे मुलात कायमचा दोष आहे, असे नाही. विकासातील विलंब ही एक खूण आहे. तिचे कारण शोधावे लागते. तीव्र कुपोषित मुलाच्या अंगात बसण्या-उठण्याचेही बळ नसते. पोषण पुनर्वसन केंद्रात नीट आहार व उपचार मिळाल्यावर अशी काही मुले पाहता पाहता रांगू लागतात. न बोलणाऱ्या मुलाला कदाचित ऐकूच येत नसते. म्हणून सर्वप्रथम कानांची तपासणी करावी. जन्मापासून थायरॉईडची कमतरता असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू केल्यास मेंदूची मोठी हानी टळते.

काही मुलांत मात्र मूळ कारण राहतेच. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, फार लवकर जन्म होणे, नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत पोचणे, अशा कारणांनी सेरेब्रल पाल्सी होऊ शकते. स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता या आणखी वेगळ्या अवस्था आहेत. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही, पण व्यायाम व योग्य बैठक मिळाली नाही तर स्नायू आखडत जातात. अशा मुलाला चावणे-गिळणेही जड जाते. आडवे निजवून भरवले तर घास श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होतो, वजन घटते. मग त्याची नोंद केवळ 'कुपोषित' अशी होते आणि मूळ कारण नजरेआड राहते. त्याला टेकून बसवणे, मान किंचित पुढे ठेवणे आणि मऊ घास सावकाश भरवणे हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. कोरकू ही मराठीपेक्षा अगदी वेगळ्या भाषाकुळातील भाषा आहे. घरी कोरकूच ऐकणारे मूल अंगणवाडीत मराठी प्रश्नांपुढे गप्प बसते, म्हणून त्याला मंद ठरवणे हा अन्याय आहे. आम्ही आईलाच विचारतो, 'घरी काय काय बोलतो?' तपासणी मुलाच्या भाषेत व्हावी. त्याच्याशी बोलणे आणि त्याला गाणी म्हणून दाखवणेही त्याच भाषेत चालू राहावे. घरची भाषा बोलल्याने मूल मागे पडत नाही.

मेंदूची सर्वांत वेगाने वाढ पहिल्या तीन वर्षांत होते, म्हणून लवकर आलेल्या मुलाला अधिक लाभ होतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत मुलांची तपासणी करतात आणि गरजू मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य आहेत. त्यांत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल आजारही येतो. ४० टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण धारणीहून अमरावतीला जायचे म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो, गाडीभाडे लागते आणि मागे राहिलेल्या लेकरांना सांभाळायला कोणीतरी लागते. एवढ्यासाठी उपचार अर्धवट सुटतात.

आजही काही घरांत आजारी बाळाच्या पोटावर चटके देतात. आम्ही त्या माउलीला रागावत नाही. जिवाच्या काळजीपोटीच ती हे करते. चटक्याने फक्त जखम होते, हे तिला शांतपणे समजावतो. गावचा भुमका 'आधी दवाखान्यात दाखव' म्हणाला, तर आमच्या दहा भेटींचे काम एका शब्दात होते. म्हणून आम्ही त्याच्याही अंगणात जाऊन बसतो. 'देवाचा कोप', 'आईचे पाप' असे बोल कानी आले की तेथेच सांगतो, हे कोणाच्याही पापाचे फळ नाही. प्रत्येक लेकरू देवाचे दान आहे, मग ते चालो वा न चालो.

आपल्या शेजारी, नात्यात किंवा शेतावर येणाऱ्या मजुरांच्या घरी असे मूल दिसले, तर 'होईल हळूहळू' एवढे म्हणून थांबू नका. त्या आईला आशाताईंची गाठ घालून द्या आणि जमल्यास पहिल्या तपासणीला तिच्या सोबत जा. एकटीने मोठ्या दवाखान्याची पायरी चढणे तिला फार अवघड वाटते.