'भल्ला'चं कूळ

नागपूरहून अमरावती रोडने निघालं की वाडी लागते. ट्रान्सपोर्टची गोदामं, ट्रकांची वर्दळ, चहाच्या टपऱ्या. मे महिन्यात इथे हमखास कानावर पडणारं वाक्य म्हणजे 'भल्ली गर्मी हाये बाप्पा!' भल्ला त्रास, भल्ली गर्दी, भल्ली मजा; अर्थ एकच, खूप. पश्चिम महाराष्ट्रातला 'लय' कुठेही तसाच राहतो. आपला 'भल्ला' मात्र पुढच्या नामाप्रमाणे रूप बदलतो.

पुष्कळांना हा शब्द गावंढळ वाटतो. मुलं पुण्या-मुंबईला शिकायला गेली की हसू होईल म्हणून आधी तोच टाकतात. म्हणून त्याचं कूळ सांगायला हवं.

संस्कृत 'भद्र' म्हणजे चांगला. प्राकृतात त्याचा 'भल्ल' झाला आणि मराठी-हिंदीत 'भला'. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने लिहिलेल्या व्याकरणात अपभ्रंश भाषेचं एक उदाहरण आहे. पती रणात मारला गेला हे 'भल्ला' झालं, पळून आला असता तर मान खाली गेली असती, असं एक स्त्री बहिणीला सांगते. तिथे अर्थ 'चांगलं' असाच आहे.

नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठी आणि हिंदी इथे शेजारी नांदल्या. म्हणून कोणी 'भल्ला'ला हिंदीची उसनवारी म्हणतात. पण 'भला' आपल्या संतवाङ्मयातही आहे. शिवाय जोर देताना अक्षर दुप्पट करायची सवय मराठीचीच. 'मोठ्ठा' आपण म्हणतोच की.

मग 'चांगला'चा 'खूप' कसा झाला? प्रमाण मराठीतच पाहा. 'बरा' म्हणजे चांगला. पण 'बराच वेळ' म्हणजे पुष्कळ वेळ. 'चांगलाच मार बसला' यात चांगलं काहीच नसतं. इंग्रजीतला 'प्रिटी' हा देखणेपणाचा शब्दही असाच 'बऱ्यापैकी' या अर्थाने चालतो. वापरता वापरता शब्दातला चांगुलपणा झिजतो आणि माप तेवढं उरतं.

'भला मोठा', 'भला थोरला' पुस्तकी मराठीलाही चालतो. तिथे 'भला'ला मोठ्या-थोरल्याची सोबत लागते. नागपुरीत तो एकटा चालतो, एवढाच फरक.

तेव्हा वर्गात कोणी 'भल्ली मजा आली' म्हणालं, तर निबंधात 'खूप' लिहायला जरूर शिकवावं. पण हसू नये. त्या मुलाने भाषा बिघडवलेली नाही, घरात ऐकलेली सांभाळली आहे.