पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाचा हिशोब

तलासरीकडे पावसाळ्यात एक भातखाचर भरलं की जादा पाणी बांधावरून खालच्या खाचरात उतरतं. पहिल्या ताऱ्यांचा प्रकाशही असाच पसरला. महास्फोटानंतर सुमारे 3,80,000 वर्षांनी विश्वात उदासीन हायड्रोजन तयार झाला. पुढे कृष्णद्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने वायू गोळा झाला, तारे पेटले. त्यांच्या अतिनील फोटॉननी भोवतालच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवले. आयनित वायूचे बुडबुडे फुगत एकमेकांत मिसळले आणि साधारण 100 कोटी वर्षांत हे काम उरकलं.

संगणकावर प्रत्येक किरणाचा माग काढणं फार वेळखाऊ. म्हणून सोपी रीत अशी, की आसपासचे फोटॉन तिथल्या हायड्रोजनला पुरत असतील, तर तो भाग आयनित धरायचा. पण बुडबुडे एकमेकांवर चढतात तिथे हिशोब चुकतो. गणितासाठी विश्वाचे लहानमोठे कप्पे पाडले की उत्तरही बदलतं! पुण्यातल्या एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्र संस्थांचे अनुक्रमे तीर्थंकर रॉय चौधरी आणि असीम परांजपे यांनी 2018 मध्ये यावर 'स्क्रिप्ट' ही प्रणाली मांडली. भरलेल्या कप्प्यातले उरलेले फोटॉन ती शेजारच्या कप्प्यांना वाटते. एकही हरवत नाही. मला हा प्रामाणिक हिशोब फार मोलाचा वाटतो.

या हिशोबाची पडताळणी मात्र कठीण आहे. तेव्हाच्या उदासीन हायड्रोजनची 21 सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन 150 मेगाहर्ट्झच्या आसपास पोहोचते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या ती टिपू पाहतात, पण आपल्याच आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट तिच्या हजारो पट मोठा आहे.